समक्ष

मी, महिपती तुकाराम लोहार, वय चौपन्न,
धंदा चहाचा गाडा, पोलीस ठाण्यासमोर, विटा,
समक्ष विचारल्यावरून सांगतो की

एकोणीस वर्षं मी पंच होतो.
हवालदार येळावीकरांची शीळ आली
की सहा कप घेऊन आत जायचो,
आणि रिकामा ट्रे उचलायच्या आधी सही.
कागद कधी भरलेला, कधी कोरा,
कधी त्यावर बशीचा ओला गोल उमटायचा.
साहेब म्हणायचे, असू दे, शिक्काच झाला.

त्या कागदांवर मी कुठं कुठं नाही गेलो.
भाळवणीच्या ओढ्यात भट्टी फोडली.
लेंगऱ्याच्या माळावर चोरीची बैलजोडी ओळखली.
रात्री अडीचला खानापुरात
विहिरीतून मोटार वर काढताना
बॅटरीच्या उजेडात उभा होतो, हजर,
आणि त्याच अडीचला घरी
दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवून झोपलेला.

इसाक सायकलवाला दुसरा पंच.
त्याला लिहिता येत नव्हतं. अंगठा द्यायचा.
हाताला ग्रीस असायचंच,
शाईचा खर्च नाही.

मग सुखदेव मंडले.
कोइमतूरला गलाईच्या दुकानात
नऊ वर्षं लोकांचं सोनं वितळवून
बहिणीच्या लग्नाला गावी आलेला पोरगा.
कागद म्हणतो,
आरोपीने आम्हां पंचांसमक्ष राजीखुशीने
राहते घरातील ज्वारीच्या कणगीत हात घालून
एकतीस ग्रॅमची लगड काढून दिली.

राजीखुशीने.

त्या रात्री मागच्या खोलीत रेडिओ मोठा लावला होता.
मला सात कप सांगितले.
सहा रिकामे आले.
सातवा तसाच, वर साय धरलेली.
येळावीकर म्हणाले, त्याला धरता येईना.
मी तो कप गटारीत ओतला, विसळला,
आणि गिऱ्हाईकाला दिला.

जामीन झाल्यावर त्याची आई गाड्यावर आली.
चहा मागितला नाही.
"तुमी आला हुता म्हनं आमच्या घरी."
मी स्टोव्हला पंप मारत राहिलो.
"मग सांगा, कणगी कुठल्या अंगाला हाय?
आत शिरल्यावर उजवीकडं का डावीकडं?"
गिऱ्हाइकं गप्प झाली.
"आमच्यात कणगीच न्हाई, दादा.
रेशनचं पोतं असतंय. ते बी अर्धं."

कोर्टात सही दाखवली. माझी आहे, म्हणालो.
मजकूर? वाचला नाही.
घर? अजून पाहिलं नाही.
सरकारी वकील क्षणभर खाली बसले, पुन्हा उठले,
म्हणाले, साक्षीदार फितूर झाला आहे.

एकोणीस वर्षं मी फितूर नव्हतो.

मग मॅडमनी खालची सही वाचली.
इसाक मेहबूब मुल्ला, सव्वीस एप्रिल.
हा साक्षीदार कुठं आहे?
कबरस्तानात, म्हणालो. फेब्रुवारीपासून.
कुणी तरी मागं हसलं, मग नाही हसलं.
हयातभर अंगठा देणारा माणूस
मेल्यावर सही शिकला होता,
वळणदार, माझ्याहून बरी.

सुखदेव सुटला. तळपायाच्या कडेवर चालतो.
येळावीकर निलंबित झाले, मग जतला गेले,
मग परत आले. माझ्याकडंच चहा घेतात.
आता पैसे देतात, मोजून,
आणि माझ्याकडं बघत नाहीत.
साहेबांची चौकशी चार वर्षं चालू आहे.
तिच्यासाठी मी दोनदा सांगलीला आलो,
दोन्हीदा तुम्ही बंदोबस्ताला होता.
एसटीचं तिकीट जपून ठेवलंय, मागायला नाही.

माझ्यावर मात्र कुणी काही ठेवलं नाही.
हे तुमच्या प्रश्नांत नाही, तरी लिहा.
दूध तापताना मी आठवत बसतो
ओढा, माळ, विहीर,
कुणाकुणाच्या दारात मी न जाता उभा होतो.
त्रेचाळीस नावं आठवली. वहीत आहेत.
बाकीची येत नाहीत.

नाही, वाचून दाखवू नका.
इकडं द्या तो कागद.
आज चष्मा आणलाय.